हातातला एअरबँड रिसीव्हर (पायलट आणि टॉवरचं बोलणं ऐकायचा रेडिओ), सहा महिने वापरून

आधी तक्रार सांगतो. स्क्वेल्चचं (कुणी बोलत नसताना खरखर बंद ठेवणारं) बटण फारच नाजूक आहे, जरा जास्त फिरवलं की बोलण्यातला पहिला शब्दच कापला जातो आणि इथे तर पहिला शब्दच सगळ्यात महत्त्वाचा. बाकी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ व्यवस्थित पकडतो, विमानातला पायलट लांबूनही स्वच्छ येतो, टॉवर जमिनीवर असल्यामुळे कमी येतो, तो दोष रिसीव्हरचा नाही.

एकदा पॅन-पॅन (अडचणीत असलेल्या विमानाचा तातडीचा इशारा) ऐकला, तीनदा सलग. इंजिनात कंपन जाणवतंय, परत यायचंय असं पायलट म्हणाला, आवाज इतका शांत की मीच टेन्शनमध्ये. जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरने लगेच वळायची दिशा दिली, मग विचारलं विमानात माणसं किती, इंधन किती वेळ पुरेल. पायलट "स्टँडबाय" म्हणाला तर कंट्रोलर गप्प, त्याला आधी विमान सांभाळू दिलं. अंगावर काटा आला खरंच.

शब्द नेमका वापरणं किती गरजेचं ते तेव्हा पटलं. १९९० मध्ये एव्हियान्का ५२ या विमानाच्या पायलटांनी इंधन संपत आलंय असं सांगितलं पण इमर्जन्सी हा शब्द कंट्रोलरला सांगितलाच नाही, विमान कोसळलं, ७३ जण गेले.

हे सगळं अजून एएम या रेडिओच्या जुन्या पद्धतीवर चालतं, दोघं एकदम बोलले की शिट्टीसारखा आवाज येतो, म्हणजे निदान कळतं की कुणाचं तरी बोलणं दबलं. १२१.५ ही इमर्जन्सी फ्रिक्वेन्सी पहिल्या मेमरीवरच सेव्ह करून ठेवा. पाचपैकी चार स्टार, एक स्क्वेल्चमुळे कापला.