विंडोज ११ मधलं घरगुती शेअरिंग: फाइली पहिल्या वर्गात, प्रिंटर काठावर पास

घरात दोन-तीन कॉम्प्युटर आणि एकच प्रिंटर असेल तर वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये फाइल आणि प्रिंटर शेअरिंगची सोय फुकट येते. सोय चांगली आहे, पण मांडणी वाईट. विंडोज ७ सोबत आलेला होमग्रुप एका पासवर्डवर सगळं जोडून द्यायचा. २०१८ च्या एप्रिलमधल्या अपडेटने (विंडोज १०, आवृत्ती १८०३) तो काढून टाकला आणि त्याच्या जागी तितकं सोपं काहीच दिलं नाही. सुटे भाग सगळे आहेत, जुळवायचे आपण.

सगळ्यात आधी नेटवर्कचा प्रकार बघा. विंडोज ११ नवीन वाय-फाय जोडताना त्याला ‘पब्लिक’ समजतं. म्हणजे कॉम्प्युटर लपून बसतो. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग जोडलेल्या वाय-फायच्या प्रॉपर्टीज, तिथे ‘प्रायव्हेट’ निवडायचं. त्यानंतर अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेटखालची नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ही दोन्ही बटणं चालू. हे प्रत्येक कॉम्प्युटरवर.

फाइल एक्स्प्लोररमधल्या ‘नेटवर्क’ची यादी हा या सोयीचा सर्वांत कच्चा भाग. कॉम्प्युटर तिथे दिसत नाही म्हणून लोक तासन्‌तास घालवतात, आणि शेअरिंग मात्र नीट चालू असतं. यादीत नाव येण्यासाठी ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस चालू लागते. ती ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ करून ठेवली की नाव बहुधा दिसायला लागतं. पण खरं सांगायचं तर यादीच्या नादी लागूच नये. ज्या कॉम्प्युटरवर फाइली आहेत त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) कमांड प्रॉम्प्टमधल्या आयपीकॉन्फिग या कमांडने काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरच्या अॅड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश देऊन तो टाका, उदाहरणार्थ \\१९२.१६८.२९.१०.

या एका चाचणीत निदान होतं. पत्त्याने उघडलं आणि नावाने नाही, तर दोष फक्त नाव शोधण्यात आहे. राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आयपी राखून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही, आणि शेअर केलेला फोल्डर पत्त्यानेच नेटवर्क ड्राइव्ह म्हणून मॅप करा. युजरनेम-पासवर्डची खिडकी आली, तर नेटवर्क ठणठणीत आहे, प्रश्न ओळखीचा आहे. काहीच न होता ७००३५ ने संपणारा एरर आला, तर वाट बंद आहे. पिंगवर (‘आहेस का?’ एवढंच विचारणाऱ्या कमांडवर) विसंबू नका, फायरवॉल ते वेगळं अडवू शकतो. पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड पोर्ट ४४५ देऊन चालवली की खरं उत्तर मिळतं, कारण फाइली त्याच पोर्टवरून जातात.

वाट बंद असण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे दोन राउटर. फायबरवाल्याने दिलेल्या डब्याचं स्वतःचं वाय-फाय असतं (जिओचा डबा १९२.१६८.२९ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची मालिका देतो), आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून विकत घेतलेला दुसरा राउटर १९२.१६८.० ची मालिका देत बसतो. इंटरनेट दोन्हीवर चालतं म्हणून शंकाही येत नाही. पण दुसरा राउटर आपल्यामागचे कॉम्प्युटर लपवून ठेवतो, म्हणून पहिल्या मालिकेतून आलेली हाक त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. फायरवॉल बंद करणं हा यावरचा उपाय नव्हे. दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो स्वतःची मालिका न देता फक्त वाय-फाय पसरवेल. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता पहिल्याच्या मालिकेतला, पण कुणी न वापरलेला द्या, डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि केबल वॅनऐवजी (इंटरनेटच्या पोर्टाऐवजी) लॅन पोर्टात खोचा. गेस्ट वाय-फायवर असलेला लॅपटॉप तर कधीच दिसणार नाही, गेस्टचं कामच ते आहे.

आता ओळख. इथे विंडोज ११ चे गुण कापायलाच हवेत. लॉगिन करताना आपण पिन टाकतो, आणि नेटवर्कवर पिन चालत नाही. तिथे मायक्रोसॉफ्ट खात्याचा पूर्ण ईमेल आणि खरा पासवर्ड लागतो. त्यातही तो कॉम्प्युटर सुरुवातीपासून पिननेच उघडला असेल, तर बरोबर पासवर्डसुद्धा नाकारला जातो. एकदा पासवर्ड टाकून साइन-इन केल्यावरच तो चालायला लागतो. पासवर्डच नसलेलं लोकल खातंही नेटवर्कवरून आत येऊ शकत नाही. हा मनस्ताप टाळायचा तर फाइली असलेल्या कॉम्प्युटरवर फक्त शेअरिंगसाठी एक लोकल खातं करा: अकाउंट्स, अदर युजर्स, अॅड अकाउंट, तिथे ‘साइन-इन माहिती नाही’ आणि मग ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर’. पासवर्ड द्यायचाच. दुसरीकडून आत येताना युजरनेम म्हणून त्या पीसीचं नाव, बॅकस्लॅश आणि खात्याचं नाव असं लिहायचं. आधी चुकीचा पासवर्ड सेव्ह झाला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज पासवर्ड जपून ठेवतं ती जागा) ती नोंद पुसल्याशिवाय विंडोज तोच पुन्हापुन्हा पाठवत राहतं.

आत आल्यावर फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, ही पुढची तक्रार. फोल्डरला दोन कुलपं असतात: शेअरिंगची परमिशन आणि सिक्युरिटी टॅबमधली परमिशन. दोन्हींतली जी कडक ती लागू. अॅडव्हान्स्ड शेअरिंगमधून शेअर केलं की ‘एव्हरीवन’ला फक्त वाचायचा हक्क मिळतो. तिथे आपल्या नव्या खात्याला ‘चेंज’ आणि सिक्युरिटीत ‘मॉडिफाय’ द्या. अख्खा ड्राइव्ह शेअर करू नका, एक फोल्डर पुरतो.

‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा’ हा यूट्यूबवरचा लाडका सल्ला आता जुना झाला. आवृत्ती २४एच२ पासून विंडोज ११ प्रो प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही मागतं. पासवर्डशिवाय आलेल्या गेस्टला सही करता येत नाही, म्हणून तो बाहेर. जुने नॅस (थेट नेटवर्कला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी) किंवा राउटरच्या यूएसबीला लावलेली हार्ड डिस्क एकदम उघडेनाशी झाली तर कारण बहुधा हेच. त्या उपकरणावर युजर-पासवर्ड लावा, फर्मवेअर अपडेट करा. एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) पुन्हा चालू करण्याच्या फंदात मात्र पडू नका. २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच दारातून पसरला होता.

फाइलींचं एकदा जमलं की जमलं. वेगही उत्तम: गिगाबिट केबलवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास. आकडा ११ वरच अडकला असेल तर केबलच्या आठपैकी चारच तारा लागलेल्या असतील किंवा राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील. स्वस्त राउटरांत ते सर्रास असतात.

प्रिंटरची गोष्ट वेगळी. यूएसबी प्रिंटर शेअर करायचा म्हणजे तो ज्या पीसीला जोडलाय तो जागा हवा. स्लीप बंद करा, नाहीतर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसणार. शेअरचं नाव आखूड आणि स्पेसशिवाय ठेवा. २०२१ च्या ‘प्रिंटनाइटमेअर’ या प्रिंटिंगमधल्या सुरक्षेच्या भोकानंतर मायक्रोसॉफ्टने या भागाला एकामागून एक कुलपं लावली. शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर घ्यायला अॅडमिन लागतो. ११बी ने संपणारा एरर त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या अपडेटपासून सुरू झाला, आणि ७०९ ने संपणारा आवृत्ती २२एच२ मध्ये जोडणीची पद्धत बदलल्यावर अनेकांच्या मागे लागला. दोन्हींवर रजिस्ट्रीतले (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमधले) उपाय फिरत असतात. ते चालतात, पण लावलेलं टाळं काढून.

त्यापेक्षा बरा मार्ग असा. आधी दोन्ही पीसी पूर्ण अपडेट करा. तरी एरर आलाच तर दुसऱ्या पीसीवर कंपनीचा ड्रायव्हर स्वतः टाका, ‘अॅड प्रिंटर’मध्ये मॅन्युअली, मग ‘लोकल प्रिंटर’, ‘नवीन पोर्ट’, ‘लोकल पोर्ट’ निवडा आणि पोर्टचं नाव म्हणून दोन बॅकस्लॅश, पीसीचं नाव, बॅकस्लॅश, प्रिंटरचं शेअर-नाव लिहा. लॉगिन आधी क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये सेव्ह हवं. साध्या इंकजेट-लेझरला हे पुरतं, फक्त शाईची पातळी दिसत नाही.

कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२० हे दुकानादुकानांत दिसणारे दणकट प्रिंटर. त्यांचं निम्मं काम पीसीवरचा ड्रायव्हर करतो. १०२० ला तर दर वेळी चालू झाल्यावर फर्मवेअरही पीसीकडूनच लागतं. म्हणून राउटरच्या यूएसबी पोर्टला किंवा स्वस्त प्रिंट सर्व्हरला लावून ते बहुतेक वेळा चालत नाहीत. त्यात पैसे घालू नका.

नवा प्रिंटर घ्यायचाच असेल तर वाय-फायवाला घ्या आणि विंडोजचं प्रिंटर शेअरिंग सरळ सोडून द्या. वाय-फाय प्रिंटर बरेचदा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात, तेव्हा राउटरवर तो बँड चालू असू द्या. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी राखून ठेवा, विंडोजने स्वतःहून निवडलेला डब्ल्यूएसडी पोर्ट बदलून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ करा, आणि प्रिंटर चालू असूनही ऑफलाइन दिसत असेल तर पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढा.

मोबाइलसाठीही हाच निकाल. शेअर केलेल्या फोल्डरमधले व्हिडिओ व्हीएलसी थेट चालवतं, आयफोनच्या फाइल्स अॅपमधून ‘कनेक्ट टू सर्व्हर’ने फोल्डर उघडतो. पण विंडोजवरून शेअर केलेला यूएसबी प्रिंटर फोनच्या प्रिंट यादीत आपोआप येत नाही. वाय-फाय प्रिंटर येतो.