क्रम्बल केक: कढईत करावा की ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये)?

साधा स्पंज केक कढईत उत्तम होतो. मीठ पसरलेली जाड कढई, आत स्टँड, वर घट्ट झाकण; आमच्या घरी कित्येक वाढदिवस त्यावरच झाले. क्रम्बल केक म्हणजे केकवर फळांच्या फोडी आणि त्यावर पिठाच्या खरपूस खड्यांचा थर. त्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण त्याचा जीव या वरच्या थरात असतो.

क्रम्बल म्हणजे 100 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम साखर आणि 60 ग्रॅम थंडगार लोणी. लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन घातल्यावर जसा मुटका वळतो, तसा इथेही वळला पाहिजे. मग तो मोडून वाटाण्याएवढे खडे करायचे आणि पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचे. हे खडे खरपूस व्हायला वरून कोरडी आच लागते.

कढईत आच येते खालून. फळांची वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि थेंब थेंब परत केकवर पडतं. मी पहिल्यांदा केला तेव्हा पन्नास मिनिटांनी झाकण उघडलं, तर केक छान फुललेला, पण वर पांढरट, ओलसर पिठाचा थर. फार वाईट वाटलं. शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्येही फारसा फरक पडत नाही.

ओटीजीमध्ये वरचा आणि खालचा, दोन्ही रॉड चालू, 180 अंश, डबा मधल्या जाळीवर. आठ इंची डब्याला साधारण 45 मिनिटं लागतात. अर्ध्या तासानंतर काचेतून लक्ष ठेवा. रंग लवकर चढला तर वर फॉइल टाका. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्येही जमतं, फक्त साध्या मायक्रो मोडवर नको.

फळाचा निर्णयही यातच येतो. सफरचंद सगळ्यात भरवशाचं, आंबटसर असेल तर अधिक चांगलं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी चवीला अप्रतिम, पण पाणी सोडते. फोडींना चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळल्याशिवाय घालू नका. हापूस मी यात घालत नाही. तो नुसताच खावा.

ओटीजी नसेल तर केवळ या केकसाठी घ्यायची गरज नाही. केक कढईत साधाच करा. सफरचंदाच्या फोडी साखर आणि दालचिनी घालून चिकटसर होईपर्यंत शिजवा आणि केकवर पसरा. क्रम्बल जाड तव्यावर मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता, पूर्ण गार करा आणि वाढताना वरून घाला. खडे थोडे बारीक होतात, पण कुरकुरीत राहतात. पावसाळ्यात तर मला हीच पद्धत बरी वाटते: ओटीजीतल्या केकचा वरचा थर दमट हवेत दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, हा मात्र बरणीत वेगळा असतो.

महिन्यातून दोनदा तरी बिस्किटं, पाव, पिझ्झा करणार असाल, तर ओटीजी घ्या. घेताना वरचा आणि खालचा रॉड वेगवेगळा चालू करता येतो ना, हे दुकानातच बघून घ्या.