जर्नल खरं, वेबसाइट बनावट

बढतीच्या अर्जाला मान्यताप्राप्त जर्नलमधला निबंध लागतो. तासिका, उत्तरपत्रिका आणि समित्यांच्या बैठका यांतून तो लिहायला वेळ मिळतो तो सुट्टीतच. प्राध्यापकांची ही घाई नेमकी ओळखून असणाऱ्यांनी मला फसवलं. सध्या जे कुणी निबंध पाठवायच्या तयारीत आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एका परिषदेत मी निबंध वाचला होता. काही आठवड्यांनी त्याचं शीर्षक जसंच्या तसं लिहिलेला मेल आला: हाच निबंध विस्ताराने आमच्याकडे पाठवा. जर्नल आमच्या विषयातल्या सगळ्यांच्या ओळखीचं. स्कोपस या संशोधन जर्नलांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सूचीच्या यादीत त्याचं नाव होतं, आयएसएसएन म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक ताडून पाहिला तर तोही जुळला. संपादक मंडळावरची माणसं खरी, त्यांची विद्यापीठंही खरी. खोटी होती ती फक्त वेबसाइट. मूळ जर्नल छापील अंक काढणारं, इंटरनेटवर फारसं न दिसणारं. त्याचं नाव, क्रमांक आणि मुखपृष्ठ उचलून कुणीतरी भलत्याच पत्त्यावर दुकान थाटलं होतं. याला जर्नल हायजॅक करणं म्हणतात, आणि यात यादी तपासून काहीच कळत नाही, कारण यादीतलं नाव खरंच असतं.

आठवड्याभरात स्वीकृतीपत्र आलं. समीक्षकांचा अभिप्राय दोन ओळींचा: विषय महत्त्वाचा आहे, संदर्भांची मांडणी सुधारा. नमुना कसा निवडला, हा कुठल्याही समीक्षकाचा पहिला प्रश्न. त्याबद्दल चकार शब्द नाही. निबंध छापण्याची फी भरायचं खातं प्रकाशकाच्या नाही, एका व्यक्तीच्या नावावर होतं. विचारलं तर "ते आमचे आर्थिक प्रतिनिधी आहेत" असं तत्पर उत्तर आलं.

निबंध वेबसाइटवर लागला, पण छाननी समितीला तो स्कोपसमध्ये सापडेना. निबंधावर छापलेला डीओआय, म्हणजे त्या निबंधाचा स्वतःचा ओळख क्रमांक, डीओआय डॉट ऑर्गवर टाकला, तर असा क्रमांकच अस्तित्वात नाही. शेवटी मूळ संपादकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहिलं. त्यांच्याकडे माझा निबंध कधी पोचलाच नव्हता, आणि अशी विचारणा करणारी मी पहिली नव्हते.

पैसे गेले ते गेलेच. पण निबंध अडकला, त्याचा मला जास्त संताप आहे. सहलेखिका माझी पीएचडीची विद्यार्थिनी. तिच्या प्रबंधातली आकडेवारी त्यात आहे. आता तो दुसरीकडे पाठवायचा तर "आधी प्रकाशित झालेला नाही" असं लिहून द्यावं लागतं, आणि तिकडे तर तो सगळ्यांना दिसतो आहे. काढून टाका म्हटलं, तर माघारीची वेगळी फी मागितली. एका होतकरू मुलीची काही वर्षांची मेहनत ओलीस धरून पैसे उकळण्याचा हा धंदा आहे.

म्हणून मेलमधल्या लिंकवरून जर्नलकडे जाऊच नका. ग्रंथपालांना विचारा, ही माणसं आपल्याला वाटतं त्याहून खूप जास्त मदत करतात. जेफ्री बील या अमेरिकन ग्रंथपालांनी केलेली फसव्या प्रकाशकांची यादी बघा असं अजूनही सांगितलं जातं, पण त्यांनी ती जानेवारी २०१७ मध्येच इंटरनेटवरून काढली. तिच्या जुन्या प्रतींवर विसंबून भागणार नाही. मागे घेतलेल्या निबंधांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या वेबसाइटने २०२२ पासून हायजॅक झालेल्या जर्नलची वेगळी यादी ठेवली आहे, ती पाहा. वेबसाइटवरचे जुने अंक उघडून वाचा. माझा निबंध ज्या अंकात होता त्यात दंतवैद्यक, सिंचन आणि बँकिंग एकापाठोपाठ एक होतं. आणि संपादक मंडळावरच्या एखाद्याला त्याच्या विद्यापीठाच्या मेलवर सरळ विचारा.

निबंध गेलाच असेल, तर निदान कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका. माघार घेत असल्याचं लेखी कळवा, सगळे मेल जपून ठेवा, मूळ जर्नलच्या संपादकांना आणि आपल्या बँकेला लगेच कळवा. माघारीची फी मात्र भरू नका. आम्ही नवीन जर्नलच्या संपादकांना सगळा पत्रव्यवहार जोडून पत्र लिहिलं, त्यांनी निबंध विचारात घ्यायचं कबूल केलं आहे.