क्रॉनिकलिंग अमेरिका: शंभर वर्षांपूर्वीचा आमदार शोधायला कितपत कामाचे?

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची ही जुन्या वृत्तपत्रांची सेवा फुकट आहे. खाते उघडावे लागत नाही, पाने पीडीएफमध्ये उतरवता येतात. मात्र राज्याच्या विधिमंडळातल्या माणसाची कारकीर्द इथून जुळवायची, तर तारखा आधी हाताशी हव्यात.

न्यूयॉर्कचा अल स्मिथ घ्या. 1928 मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, पण 1904 ते 1915 तो राज्याच्या असेंब्लीत, म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात होता. नुसते ‘स्मिथ’ टाकलेत तर ढिगारा अंगावर येतो. ‘अल्फ्रेड ई. स्मिथ’ हा सलग शब्दसमूह म्हणून शोधा, राज्य न्यूयॉर्क निवडा आणि एका वेळी एकच वर्ष घ्या. तेव्हा असेंब्लीची मुदत वर्षाचीच असे, म्हणजे निवडणूक दर नोव्हेंबरात आणि अधिवेशन जानेवारीपासून.

खरी डोकेदुखी यंत्राने वाचलेल्या मजकुराची. अरुंद रकाने, पसरलेली शाई, ओळीच्या टोकाला तुटलेले शब्द. नाव पानावर ढळढळीत दिसते आणि शोधात येत नाही. निकालांच्या बारीक टाइपातल्या तक्त्यांवर तर भरवसाच ठेवू नका. तिथे शोध सोडून ट्रिब्यून, सन किंवा इव्हिनिंग वर्ल्डचा त्या तारखेचा अंक उघडावा आणि पाने चाळावीत. (न्यूयॉर्क टाइम्स इथे नाही.)

गाजलेल्या प्रसंगांसाठी मात्र या सेवेला तोड नाही. 25 मार्च 1911 ची न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्याची आग, तिच्यातले 146 बळी, मग नेमलेला चौकशी आयोग (अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर, उपाध्यक्ष स्मिथ), 1912 चे कामगार स्त्रियांसाठी 54 तासांच्या आठवड्याचे विधेयक: सगळे दिवसागणिक वाचता येते. 1913 मध्ये स्मिथ सभापती असताना असेंब्लीने गव्हर्नर सुल्झरवर महाभियोग लावला, 79 विरुद्ध 45. मतदान 13 ऑगस्टच्या पहाटे झाले, म्हणून त्या दिवशीचे सायंदैनिक किंवा 14 तारखेचा सकाळचा अंक पाहा.

रोजच्या कामाचा माग इथे लागत नाही. समितीत काय झाले, किरकोळ विधेयकावर कोणी कसे मत दिले, हे वृत्तपत्रे क्वचितच छापत. त्यासाठी असेंब्लीचे छापील कामकाजच हवे. शिवाय ट्रिब्यून रिपब्लिकन वळणाचे आणि स्मिथ टॅमनी हॉलचा (न्यूयॉर्क शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेचा) माणूस. त्यामुळे एकाच दिवसाची बातमी निदान दोन पत्रांत ताडून पाहावी.