जुना ट्रक, दुसरं इंजिन आणि साडेसहाशे डॉलरचं वायरिंग

माझा ट्रक १९७१ चा शेवरोले सी-१० पिकअप. त्यातलं मूळचं २५० घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन उतरवून शेवरोलेच्याच २००२ च्या सिल्वरॅडो पिकअपचं ५.३ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) बसवलं. मिशिगनला, घरच्या गॅरेजात, फक्त शनिवार-रविवारी, चौदा महिने. इंजिन उचलणं हेच मोठं काम असं सगळ्यांना वाटतं, पण भाड्याची क्रेन आणून ते दोन दिवसांत उरकलं. गाडं अडलं वायरिंगपाशी. म्हणून हा रिव्ह्यू इंजिनाचा नाही, तयार मिळणाऱ्या वायरिंग हार्नेसचा, म्हणजे टोकांना कनेक्टर लावलेल्या वायरींच्या जुडग्याचा. पुन्हा असं काम काढलं तर मी हाच घेईन. ऑर्डर मात्र वेगळी देईन.

जुन्या इंजिनाला कार्ब्युरेटर होता. कॉइलला एक वायर, स्टार्टरला एक, डायनॅमोच्या दोन-चार, संपलं. नव्या इंजिनात आठ इंजेक्टर, आठ कॉइल, क्रँक आणि कॅमचे सेन्सर, दोन नॉक सेन्सर, आणि गिअर कधी बदलायचा हेसुद्धा संगणकच ठरवतो. जंकयार्डातून इंजिनासोबत मूळ हार्नेस आणला होता. त्यातल्या दिवे, एसी, एअरबॅगच्या वायरी सोडवून हवं तेवढंच ठेवायचं, असा बेत. दोन शनिवार घालवले. वीस वर्षं तापून प्लॅस्टिक इतकं कडक झालं होतं की कनेक्टरची जीभ नखाने दाबली तरी तुटायची. पाचवा कनेक्टर तुटला तेव्हा थांबलो.

नवा हार्नेस आला तेव्हा बाबा कोल्हापूरहून आमच्याकडे आलेले होते. उद्यमनगरात त्यांची लेथवर चाळीस वर्षं गेली. खोकं त्यांनीच फोडलं. प्रत्येक टोकाला छापील चिठ्ठी: कॉइल डावी, कॉइल उजवी, थ्रॉटल, पाण्याचं तापमान. बाबा दिवा धरून चिठ्ठ्या वाचत होते आणि मी जोडत होतो. मधेच म्हणाले, "कुठली वायर कुठं जायाची ते लिवलंय की रं सगळं. आमच्या टायमाला असलं असतं तर!" वायरींचे रंगही मूळ गाडीच्या कंपनीचेच ठेवलेत, म्हणजे गुलाबी किल्लीवर चालू होणारी आणि केशरी थेट बॅटरीची. पुढे कधी दोष शोधायचा झाला तर मूळ गाडीचा नकाशा जसाच्या तसा उपयोगी पडेल. माझ्या लेखी निम्मे पैसे इथेच वसूल झाले.

इंजिनाचा संगणक हार्नेसच्या विक्रेत्याकडे पोस्टाने पाठवावा लागतो. चोरीविरोधी कुलूप ते त्यातून काढून देतात. ते तसंच राहिलं तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं. नऊ दिवसांत परत आला.

आता तक्रारी. ऑइल प्रेशरचा सेन्सर या इंजिनात मागे, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) जवळजवळ चिकटून असतो. तिथली वायर चार इंच आखूड निघाली. इंजिन बसल्यावर तिथे हात जात नाही, त्यामुळे पुढचं सगळं सोडवून, जोड देऊन, सोल्डर करून परत बांधावं लागलं. एक रविवार गेला. विक्रेत्याने फोन उचलला, नीट बोलला, जोडायची वायर फुकट पाठवली. पण मापाची चूक त्यांचीच.

दुसरी तक्रार सूचनापत्राची. ग्राउंडबद्दल, म्हणजे इंजिन आणि चेसीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणाऱ्या जोडणीबद्दल, तिथे एकच ओळ आहे. किल्ली फिरवली, पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणून थांबला (तसाच थांबायला हवा, इंजिन फिरेपर्यंत संगणक त्याला तेवढाच वेळ चालवतो), स्टार्टर फिरला, पण इंजिन पेट घेईना. मल्टिमीटरची एक तार इंजिनाच्या ब्लॉकला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून बाबांना किल्ली फिरवायला सांगितली. दोन व्होल्टच्या वर दिसले, खरं तर जवळजवळ शून्य दिसायला हवेत. चेसीला नवा रंग दिला होता आणि ग्राउंडची पट्टी त्या रंगावरच आवळलेली होती. धातू चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वायसर टाकला, आणि दुसऱ्या फेरीत इंजिन लागलं. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला तो बराच वेळ उचलला नाही. 'आधी रंग खरवडा' एवढं त्या कागदावर छापायला काय हरकत आहे?

आणखी दोन खर्च हिशोबात धरा, ते हार्नेसमध्ये येत नाहीत. जुन्या यांत्रिक पंपाचा पाच-सात पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब इथे चालत नाही, सुमारे ५८ लागतो. या ट्रकची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते. मी ती काढून मागे चेसीत, आत पंप असलेली नवी टाकी बसवली. दुसरं, नव्या गिअरबॉक्सला स्पीडोमीटरची केबलच नाही. जुना काटा हलता ठेवायचा असेल तर सिग्नलवर चालणारा वेगळा डबा घ्यावा लागतो.

ऑर्डर देण्याआधी इंजिन जागेवर ठेवा. सुतळी घेऊन संगणकाच्या जागेपासून (माझा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे आहे) प्रत्येक सेन्सरपर्यंत, जशी वायर वळेल तशी वळवून मापा, आणि ते आकडे त्यांना लिहून पाठवा. ऑइल प्रेशरच्या मापात सहा इंच वाढवून सांगा.