कार्डियाक रिहॅब, बेळगाव: व्यायाम पटला, स्टिकरचं बिल नाही

बायपास, त्यासाठी पायातून काढलेली शीर, छातीच्या हाडाला घातलेल्या तारा हे सगळं झालेलेच लोक इथं वाचत असणार, म्हणून थेट बिलावर येतो. रिहॅबचं, म्हणजे हार्ट ऑपरेशननंतर देखरेखीखाली करायच्या व्यायामाचं, पॅकेज घेताना काउंटरवर "सगळं यातच आलं" म्हणाले. महिनाअखेरीला वेगळी ओळ: ईसीजी इलेक्ट्रोड. म्हणजे ट्रेडमिलवर चालताना ठोके मॉनिटरवर दिसावेत म्हणून छातीला लावतात ते गोल स्टिकर. दर बाहेरच्या मेडिकलच्या दुप्पट.

बरं, चिकटतात तरी का? पाकीट उघडं राहिलं की आतला जेल वाळतो. घाम आला की कडा सुटते, पडद्यावरची रेघ वरखाली डुलायला लागते, तिथली पोरगी धावत येते आणि नवा लावते. नवा लागला की बिलात भर. ऑपरेशनला भादरलेले केस नुकते उगवत असतात, त्यावरून तो ओढून काढतात तेव्हा तर शिवीच येते तोंडात. शेवटी मी बाहेरून सीलबंद पाकीट घेऊन गेलो. "आमचेच चालतात की काका." कडाक्याचं भांडण झालं. पुढच्या बिलातून ती रक्कम कमी केली, तीही सगळी नाही.

पहिले काही आठवडे माझं मत ठाम होतं: चालायचेच पैसे द्यायचे तर गावातलं फिरायचं मैदान, व्हॅक्सिन डेपो, काय वाईट? आता तसं म्हणणार नाही. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी ठेवणारी गोळी, चालू असली की नाडी फारशी वाढतच नाही, त्यामुळं हातातल्या घड्याळावर विसंबून राहता येत नाही. इथं बोर्गचा तक्ता समोर धरतात, 6 ते 20. किती दम लागला त्याचा आकडा आपणच सांगायचा आणि 11 ते 13 मध्ये राहायचं. डेपोत मित्रांशी गप्पा मारत चालताना हे कोण विचारणार?

निपाणीचे एक गृहस्थ फोन घ्यायला पट्टा बंद करून तसेच उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यापुढं अंधारी आली. एकदम थांबलं की रक्त पायात साचतं, बीपी उतरतं. म्हणून शेवटची काही मिनिटं वेग कमी करत चालायला लावतात. मला तो टाइमपास वाटायचा.

आहाराचा सल्ला ठीक. पण हार्ट पेशंटला बघायला येताना कुंद्याचा (आपली बेळगावची मिठाई) बॉक्स आणणाऱ्या पाहुण्यांचं काय करायचं, ते त्या मॅडमनाही सांगता आलं नाही.

विम्याचं आधीच विचारून घ्या. माझ्या पॉलिसीत ऑपरेशन बसलं, रिहॅब ओपीडी, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेले उपचार, म्हणून नाकारलं. खानापूर-चिकोडीकडून येणाऱ्यांनी आठवड्यातून तीनदा एसटीचे हाल काढण्यापेक्षा सुरुवातीलाच घरी करायचा व्यायाम लिहून मागावा. मागितला तर देतात, आपणहून देत नाहीत. पॅकेज मी पुढं वाढवलेलं नाही. तपासणीला तेवढा जातो, स्कूटर चालवायची परवानगी मिळाली आहे, गॅस सिलिंडर मात्र अजून पोरगाच उचलतो.