जखमी कामगारांच्या पंगतीत: सिंगापूरचा कफ रोड प्रकल्प

सिंगापूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला लिटल इंडिया परका नाही. टेक्का बाजारातून कढीपत्ता आणि शेवग्याच्या शेंगा आणायला, दिवाळीच्या तोंडावर पणत्या घ्यायला आपण सगळेच तिथे जातो. मात्र सेरंगून रोडपासून चार पावलांवर, रोवेल रोडच्या परिसरात, हाताला नाहीतर पायाला पट्टी बांधलेले तरुण संध्याकाळी जेवणासाठी जमतात, हे मला इथे येऊन पाच वर्षे होईपर्यंत ठाऊक नव्हते. गेली दोन वर्षे मी आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे मदतीला बसते. या सेवेविषयी इथल्या मराठी मंडळींसाठी नीट लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

'ट्रान्झिएंट वर्कर्स काउंट टू' ही स्वयंसेवी संस्था 'कफ रोड प्रकल्प' या नावाने हा उपक्रम चालवते. २००१ च्या डिसेंबरमध्ये एका इंडोनेशियन घरकामगार मुलीचा मालकाच्या मारहाणीत मृत्यू झाला. त्या घटनेने हादरलेले काही नागरिक एकत्र आले आणि त्यांच्या गटातून २००४ मध्ये ही संस्था उभी राहिली. २००८ पासून ती लिटल इंडियातील खानावळींशी ठरवून अडचणीत सापडलेल्या परदेशी कामगारांना मोफत जेवण देते. कामगाराने आपली कागदपत्रे दाखवून नाव नोंदवायचे आणि पानावर बसायचे. जेवण म्हणजे भात, डाळ, एखादी भाजी, कधी मासळी किंवा कोंबडीचा रस्सा. चवीला ते साधे असते, पण गरम असते आणि पोटभर मिळते.

धडधाकट वयाच्या पुरुषांना फुकट जेवण कशासाठी, असा प्रश्न मला आपल्याच लोकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर इथल्या व्यवस्थेत आहे. कामावर दुखापत झालेल्या कामगाराला इथल्या कायद्याने भरपाई मिळते आणि त्यासाठी चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही, ही खरोखरच चांगली तरतूद आहे. घरी राहून उपचार घेताना पहिले १४ दिवस, किंवा रुग्णालयाची रजा असेल तर ६० दिवस, पूर्ण पगार आणि त्यानंतर वर्षभरापर्यंत दोन-तृतीयांश पगार द्यावा, असेही कायदा सांगतो. परंतु वर्क परमिट रद्द झाले की कामगाराच्या हाती 'स्पेशल पास' येतो. त्यावर देशात राहता येते, काम मात्र करता येत नाही. कायमचे अपंगत्व किती, हे डॉक्टर सहसा जखम स्थिरावल्यावर ठरवतात. त्या टक्क्यांना कामगार 'पॉइंट' म्हणतात आणि पॉइंट लागेपर्यंत सहा महिने सहज जातात, कधी वर्षही उलटते. या काळातही राहण्या-खाण्याची जबाबदारी मालकाचीच असते. पण ज्याच्याविरुद्ध दावा केला त्याच्याच डॉर्ममध्ये, म्हणजे कामगारांच्या वसतिगृहात, राहायचे आणि आपल्याला कधी विमानात बसवून देतील याची धास्ती घेऊन झोपायचे, हे अनेकांना जमत नाही. मग ते बाहेर पडतात आणि कुठेतरी एखादी खाट भाड्याने घेतात. गावी एजंटाला देण्यासाठी काढलेले काही हजार डॉलरचे कर्ज असतेच, त्याचे हप्ते थांबत नाहीत.

एवढे सांगितल्यावर ताटाचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही. तरीही या सेवेचे खरे मोल मला एका प्रसंगात कळले. उजव्या हाताची दोन बोटे यंत्रात गेलेला एक बांगलादेशी मुलगा पहिल्यांदा आला होता. वय असेल चोविसच्या आसपास. समोर भात आला तरी तो नुसता बसून होता. उजवा हात पट्टीत होता, डाव्या हाताने चारचौघांत जेवायचे कसे, आणि चमचा मागायची लाज. शेजारच्या पानावर पाठीच्या दुखण्याने महिनोन्‌महिने येणारा एक वयस्क कामगार होता. तो काही बोलला नाही. त्याने त्या मुलाचे ताट स्वतःकडे ओढले, डाळभात कालवला, माशाचे काटे काढले, ताट परत सरकवले, वर एक चमचा ठेवला आणि आपल्या जेवणाकडे वळला. मुलाने मान खाली घालून सगळे ताट संपवले. पुढच्या आठवड्यात ते दोघे एकत्रच आले, आणि नंतर रुग्णालयातही एकत्र जाऊ लागले.

पट्टी बांधलेला माणूस दिवसभर एकटा खाटेवर पडून राहिला की त्याच्या मनात काय चालते, ते मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. घरी व्हिडिओ कॉल लावताना हात चौकटीबाहेर ठेवणारे कितीतरी जण मी पाहिले. आईला अजून सांगितलेले नसते. असा माणूस कंटाळून दावा अर्ध्यावर सोडतो आणि मिळेल त्या तिकिटाने घरी निघून जातो. इथे मात्र रोज संध्याकाळी त्याला कोणीतरी नावाने हाक मारते, कालच्या तपासणीचे काय झाले ते विचारते, आणि त्याच्यासारख्याच चौघांचे काय झाले तेही त्याला कळते. माझे काम फार मोठे नाही. कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी पडलेला कागद काढून म्हणतो, "आपा, एटा देखेन", म्हणजे ताई, हे बघा. मी अपॉइंटमेंटची तारीख वाचून सांगते आणि फोनमध्ये गजर लावून देते. तमिळ मुलगे मला अक्का म्हणतात. त्यांच्याशी माझे मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी भागते. दाव्याचा गुंता असेल तर तो संस्थेचे जाणकार कार्यकर्ते पाहतात. तिथे आपण आगाऊपणा करू नये. रुग्णालयात जाण्यासाठी प्रवासाचे कार्ड भरून देण्याची सोयही संस्था करते. खिशात पैसे नाहीत म्हणून तपासणी चुकली की दावाच लांबतो, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनाच असे सुचू शकते.

या सेवेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तुआस किंवा क्रांजीसारख्या दूरच्या भागात राहणाऱ्या जखमी माणसाला एका जेवणासाठी लिटल इंडियापर्यंत येणे परवडत नाही, आणि पाय मोडलेला असेल तर झेपतही नाही. पंगतीत जवळजवळ सगळे पुरुषच दिसतात. घरकामगार बायकांना तर भरपाईचा हा कायदाच लागू नाही, त्यामुळे त्यांची दुखापत मालकाच्या घराच्या चार भिंतींतच राहून जाते, आणि ही गोष्ट मला फार लागते. दुखणे किंवा मनाचा ताण दाव्याच्या चौकटीत बसत नसेल तर कामगारांना 'हेल्थसर्व्ह' या दुसऱ्या संस्थेकडे जाता येते. २००६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत डॉक्टर स्वेच्छेने सेवा देतात आणि तिथे समुपदेशनही मिळते. दोन्हींची माहिती आपल्या ओळखीच्या प्रत्येक कामगाराला असायला हवी. आपल्या इमारतीत रंगकाम करणारा असो की रस्ता खणणारा, त्याला ती सांगायला दोन मिनिटे पुरतात.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. एका संध्याकाळी सोबत आलेल्या एका पाहुण्यांनी, मराठीच होते, न विचारता जेवणाऱ्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. एका मुलाने पट्टीचा हात टेबलाखाली घेतला. ज्याने घरच्यांपासूनही तो हात लपवला आहे, त्याचा फोटो आपल्या ग्रुपवर फिरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ज्यांना मदत करायची आहे त्यांनी वाढदिवसाच्या निमित्ताने एक दिवस येऊन मिठाई वाटून जाऊ नये. पैसे द्यायचे तर संस्थेला द्यावेत, कारण रोजचे ताट त्यातूनच भरते. वेळ द्यायचा तर किमान तीन-चार महिने, ठरलेल्या एकाच वारी द्यावा, कारण या मुलांना रोज नवा चेहरा नको असतो. बांगला किंवा तमिळ येत असेल तर फारच उत्तम, पण येत नसेल तरी अडत नाही. पहिले दोन आठवडे नुसती नावे पाठ करावीत आणि कोणाचे कोणते दुखणे आहे ते लक्षात ठेवावे. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी आपणहून शेजारची खुर्ची ओढून देईल.